कुरकुरत दिलेली खोली: याला देणं म्हणायचं का?

पारवा

धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं. घरातलं चव्हाट्यावर आणल्यासारखं होतंय, पण चर्चमध्ये कुणाशी बोलले तर रविवारपर्यंत सगळ्या बाकांवर पोचेल. म्हणून इथे.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. नात्यातल्या नाहीत. उपासनेला शेवटच्या बाकावर बसतात, एवढीच ओळख. मागच्या वर्षी पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा जाणार कुठे हा प्रश्न उभा राहिला. मूलबाळ नाही, भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढायला मनाई. पाळकांनी उपासनेच्या शेवटी विषय काढला. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले आणि माझ्या नवऱ्याचा हात वर गेला. मी त्याच्या शेजारी बसले होते. मला विचारलं नव्हतं.

दोन महिने असं ठरलं होतं. आता चौदा झालेत.

ती खोली माझी होती. मी घरून भाषांतराची कामं करते. खिडकीजवळ टेबल होतं, ते आता बेडरूमच्या दाराआड गेलंय. कुणीही दार पूर्ण उघडलं की माझ्या खुर्चीला ठक्‌ करून लागतं. दिवसातून वीसदा.

मावशींचा काही त्रास नाही, आणि हाच मोठा त्रास आहे. काही मागत नाहीत, कशाला नावं ठेवत नाहीत. कमी ऐकू येतं म्हणून पहाटे पाचला मोठ्याने प्रार्थना करतात. त्यात आधी माझं नाव येतं, मग नवऱ्याचं, मग मंडळीतल्या आजाऱ्यांचं. पलीकडे माझ्यावर आशीर्वाद मागितला जात असतो आणि अलीकडे मी डोक्यावरून पांघरूण ओढून दात खात असते.

‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन आम्ही शब्बाथ शाळेत पाठ केलंय. मग संतोष नसलेलीने काय करायचं? देऊच नये? की दिलं तरी ते देणं धरलं जात नाही? उपदेश चालेल, पण अनुभव असेल तर आधी तो सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही बिनधास्त लिहा.

जुना_वाचक

पहाटे पाचला गजर आणि आशीर्वाद एकदमच. लोक दोन्हीसाठी वेगवेगळे पैसे मोजतात हो.

(वाचतोय. शहाण्यासारखा प्रतिसाद सुचला तर नंतर देतो.)

कोपऱ्यातला

मी नास्तिक, त्यामुळे वचनांवर माझं मत धरू नका. पण मला यात धर्माचा प्रश्न दिसतच नाही. नवऱ्याने न विचारता हात वर केला, हा प्रश्न आहे. त्याने तुमची खोली दिली. स्वतःची दिली असती तर मी टोपी काढली असती.

हिशोबनीस

कोपऱ्यातला, अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं मी सांगतो.

धाग्यावर सगळे ‘सर्वस्व द्या’ छापाचं लिहितील, म्हणून आधीच दुसरी बाजू मांडून ठेवतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट नीट वाचा. त्याने वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दिनार ठेवले आणि पुढच्या कामाला निघून गेला. त्या माणसाला घरी नेऊन चौदा महिने ठेवलं नाही. तरीही येशूने शेजारी कसा असावा म्हणून त्याचंच उदाहरण दिलं.

दुसरं उदाहरण मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं. ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळाले, २८ मध्ये भागवलं आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी खर्च २८ आणि दिले ३२. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२. मला यात आवडतं ते हे की २८ चा आकडा त्याने हलू दिला नाही. वरही नाही आणि खालीही नाही. आपल्याला किती लागतं ते एकदा ठरवलं की उरलेलं देताना कुरकुर होत नाही, कारण ते आपलं वाटतच नाही. पारवाताई, तुमचा २८ चा आकडा म्हणजे ते टेबल होतं. नवऱ्याने तोच दिला.

उंबरठा

हिशोबनीस, ‘जास्त खर्च झाला तर तो परत येताना देईन’ असंही शोमरोनी म्हणाला होता. तो आकडा कोरा होता. सोयीचं तेवढं वाचू नका.

मात्र ‘द्या, द्या’ म्हणणाऱ्यांपासून मीही जपून असतो. सहा वर्षं एका सभेत जात होतो (नाव लिहीत नाही). दर रविवारी जुन्या करारातल्या मलाखीचा तिसरा अध्याय. सगळे दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) भांडारात आणा, आकाशकपाटं उघडतात की नाही ते बघा. आमच्याकडे पाकिटावर नाव लिहायची पद्धत होती. नोकरी गेली तेव्हा तीन महिने माझं पाकीट रिकामं होतं. कुणी विचारपूस केली नाही, पण ‘विश्वासात कुठे कमी पडतोय ते तपास’ असा निरोप आला. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तिसऱ्या वर्षीचा दशमांश परके, अनाथ आणि विधवा यांनी गावातच खाऊन तृप्त व्हावं म्हणून ठेवायला सांगितलाय, हे त्या सहा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. ते मी नंतर स्वतः वाचलं.

कोपऱ्यातला

माझं मत मागे घेतो. यात धर्माचा प्रश्न आहे, फक्त तो खोलीचा नाही.

टीपकागद

पारवा, तुमच्या वचनातला ‘संतोषाने’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये ‘हिलारोस’ आहे, म्हणजे आनंदी, हसतमुख. त्या अर्थाने पळवाट नाही. पण प्रेषित पौलाच्या त्याच वाक्यात (करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र) ‘खेदाने नको, सक्तीने नको, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे’ असंही आहे. तुम्हाला ठरवायलाच मिळालं नाही. आणि आधीच्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की इतरांचं ओझं उतरावं आणि ते तुमच्यावर पडावं असा माझा हेतू नाही, समानता असावी.

पेत्राच्या पहिल्या पत्रात तर तुमच्या घरातलंच वाक्य आहे: कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. लोक कुरकुर करत असल्याशिवाय असं लिहायची वेळ कुणावर येत नाही. म्हणजे ही परंपरा पहिल्या शतकापासूनची आहे.

अवांतर: ‘डिडाखे’ नावाचा अगदी आरंभीच्या मंडळीचा एक छोटा नियमग्रंथ आहे. त्यात फिरत्या प्रेषितांबद्दल लिहिलंय की एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दुसरा, पण तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजा.

जुना_वाचक

तीन दिवस! माझ्या सासरच्या समस्त मंडळींना हा ग्रंथ फ्रेम करून भेट देतो.

टीपकागद

द्या, पण पुढचा अध्यायही फ्रेममध्ये घ्या. राहायचंच असेल तर त्याला काम द्या, ख्रिस्ती माणूस तुमच्यात रिकामा बसू नये असं पाहा, असं तिथे आहे. शिवाय हे सगळं वाटसरूंबद्दल आहे. हाड मोडलेल्या विधवेला तीन दिवसांत वाटेला लावा असं कुणी म्हटलेलं नाही.

सांजघंटा

आम्हा कॅथलिकांकडची भर. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यात ५३ वा अध्याय पाहुण्यांचा आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं ख्रिस्त समजून स्वागत करा, असं सुरुवातीलाच म्हटलंय. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच अध्यायात पुढे पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवायला सांगितलंय, कारण पाहुणे वेळीअवेळी येतात आणि त्यांनी मठातल्या बांधवांची घडी विस्कटू नये. तिथे काम करणाऱ्यांना लागेल तेव्हा मदतनीस द्या, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असंही आहे.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. कुरकुर हे पाप आहे असं बेनेडिक्ट मानतोच, बराच कडक आहे त्याबाबतीत. पण उपाय म्हणून तो प्रवचन देत नाही, माणूस देतो. पारवा, मंडळीतल्या बाकीच्यांनी चौदा महिन्यांत काय दिलं? एखादी दुपार?

पारवा

सांजघंटा, पहिले तीन आठवडे खूप जण आले. गाणी म्हटली, प्रार्थना झाल्या. आता पाळकीणबाई महिन्यातून एकदा येतात. बाकीचे मला चर्चच्या दारात ‘तुमच्या घरावर मोठा आशीर्वाद आहे’ म्हणतात.

उंबरठा

तो आशीर्वाद आळीपाळीने घ्या म्हणावं.

पाळकाची_लेक

उशिरा येतेय. दोनदा लिहून पुसलं.

आमचे दादा पाळक होते. (आम्ही वडिलांना दादा म्हणायचो.) त्यांच्या हातात काही टिकायचं नाही. थंडीत कुणी कुडकुडताना दिसलं की यांचा स्वेटर त्याच्या अंगावर. पगाराच्या दिवशी घरी येईपर्यंत निम्मा पगार रस्त्यात. लोक अजून त्यांचं नाव काढलं की हात जोडतात. जोडावेत असेच होते ते.

नववीत मला सायकल मिळाली. आईने दोन वर्षं शिवणकाम करून पैसे साठवले होते. सीट उंच होती, माझे पाय टेकायचे नाहीत, तरी मी ती खाली करून घेतली नव्हती. वर्षभरात उंची वाढेल असा हिशोब होता. पाच महिन्यांनी एके दिवशी शाळेतून आले तर सायकल नाही. एक मुलगा रोज दोन तास चालत शाळेत यायचा, दादांनी त्याला दिली. मी रडले नाही. त्या रविवारी एका वडिलधाऱ्यांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले की आमच्या पाळकसाहेबांनी पोटच्या मुलीची सायकलसुद्धा दिली. मी चौथ्या बाकावर बसून विचार करत होते की सायकल तर माझी होती, मग दिली कुणी?

त्या मुलाला माझ्यापेक्षा तिची जास्त गरज होती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच कुणाकडे तक्रार करता येत नव्हती. पारवा, तुमच्या पाच वाजताच्या प्रार्थनेचं वाचलं आणि पोटात तेच जुनं काहीतरी हललं.

त्यानंतर आईने एक केलं. घरात एक लोखंडी ट्रंक होती, तिला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली असं जाहीर केलं. त्यात माझ्या फीचे पैसे, दोन चांगल्या चादरी, एक रजई. दादांना खोटं बोललेलं कळायचं, आईला खोटं बोलता येत नसे. पण त्यांनी कधी कुलूप तोडलं नाही.

दोन-तीन वर्षं तशीच गेली. मग एका पावसाळी रात्री चर्चच्या व्हरांड्यात एक कुटुंब येऊन थांबलं, बरोबर तान्हं मूल. दादा घरात आले, ट्रंकेसमोर उभे राहिले. हात लावला नाही. आईकडे न बघता म्हणाले, ‘किल्ली सापडली का गं?’

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बघते.’ रजई गेली. चादरीही गेल्या, त्या आईने स्वतःहून काढल्या.

त्या दिवसापासून दादा विचारायचे. दरवेळी तेच, ‘किल्ली सापडली का?’ कधी आई म्हणायची ‘नाही’, आणि त्या दिवशी काही जायचं नाही. माझी फी त्या ट्रंकेतून कधीच गेली नाही.

विश्वास आपल्या सुखाच्या आधी ठेवावा हे मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः तसं जगायचा प्रयत्न करते. पण ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, हे आधी ठरवा. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ‘कुर्बान’वर चिडतो ते काय उगाच? आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांवर चिडतो तो.

जुना_वाचक

आज विनोद नाही. ट्रंक डोळ्यांसमोरून जात नाहीये.

हिशोबनीस

पाळकाची_लेक, माझा वेस्ली तुमच्या ट्रंकेपुढे फिका पडला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळक. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. आपण टिळकांच्या त्यागाबद्दल बोलतो. पगार नसलेलं घर चालवलं लक्ष्मीबाईंनी.

टीपकागद

थोडं उलट बोलतो, राग मानू नका. सगळेच जर आधी घरात विचारून, आकडा ठरवून, मदतनीस बघून देऊ लागले तर काही गोष्टी घडणारच नाहीत. पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुली आणल्या, तेव्हा राहायला जागा आहे का हे आधी बघितलं असतं तर? आधी मुली आल्या, छपरं मागून आली. त्या रविवारी सगळे चपला बघत होते, पारवांच्या नवऱ्यानेही तेच केलं असतं तर मावशी आज कुठे असत्या?

पाळकाची_लेक

मान्य. पण रमाबाईंनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं. निस्तरायला दुसऱ्या कुणाला लावलं नाही.

कोपऱ्यातला

नास्तिकाची एक शंका. तो संत मार्टिन, ज्याने भिकाऱ्याला झगा दिला, त्याने अर्धाच कापून दिला ना? पूर्ण का नाही?

सांजघंटा

हो, अर्धाच. आमियाँच्या वेशीवर, ऐन थंडीत. बाकीचं आधीच वाटून टाकलं होतं, अंगावर तेवढाच उरला होता. अर्धा झगा घालून उभा राहिला तेव्हा बघणारे काही जण हसले, असं त्याच्या चरित्रात आहे. पूर्ण दिला असता तर एकाऐवजी दुसरा गारठला असता.

अनामिक_७

खास या धाग्यासाठी आयडी काढलाय.

मी त्या खोलीत राहिलेला माणूस आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या एका घरात. एकोणीस वर्षांचा होतो, मंडळीतल्या एका कुटुंबाने नऊ महिने ठेवून घेतलं. फार चांगली माणसं. भिंती पातळ होत्या. काकू कधी काकांवर चिडल्या की आवाज हळू करायच्या, आणि आवाज हळू झाला की मला कळायचं विषय मी आहे.

मला राग कधीच आला नाही. बरं वाटायचं उलट. त्या चिडूनही सकाळी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून द्यायच्या. हसतमुखाने दिलेलं मला घ्यायला जड जायचं, कारण हे हसू कधी संपेल त्याचा अंदाज नसायचा. काकूंचा अंदाज होता.

एकच सांगतो. नऊ महिन्यांत मी माझा टूथब्रश त्यांच्या बाथरूममध्ये एकदाही ठेवला नाही. रोज धुऊन, ओलाच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत. कुणी सांगितलं नव्हतं. ठेवला असता तर मी तिथे राहतो असं झालं असतं.

पारवा

अनामिक_७, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन बघून आले.

फळीवर दोनच ब्रश आहेत. चौदा महिने रोज तिथे उभी राहतेय मी.

आज एवढंच लिहिते.

जुना_वाचक

धागा चार दिवस शांत आहे. पारवाताई, बऱ्या आहात ना?

पारवा

बरी आहे. सांगते.

नवऱ्याशी बोलले. ओरडले नाही, तो सगळ्यात धक्कादायक भाग. म्हटलं, त्या दिवशी मला विचारलं नाहीस. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मी म्हटलं, हो, म्हणाले असते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मावशींसाठी पलंग पुसून ठेवला असता. तो एक दिवस मला हवा होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्या रविवारी मला भीती वाटली होती की एक दिवस गेला तर माझाच धीर सुटेल. हे मला माहीत नव्हतं.

मावशींशीही बोलले, म्हणजे त्यांच्या कानाशी ओरडले. टेबल दिवसा तुमच्या खोलीत ठेवू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अगं ठेव की. मला ऐकू येत नाही, तू खुशाल टकटक कर.’ चौदा महिने त्यांना वाटत होतं की त्यांच्यामुळे मी त्या खोलीत येत नाही. ते खरंच होतं, पण त्यांना वाटत होतं त्या कारणाने नाही.

पाळकीणबाईंना सांजघंटांचा बेनेडिक्ट सांगितला, कॅथलिक आहे हे सांगितलं नाही. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार महिला मंडळाने घेतलीय. किती आठवडे टिकतं बघू.

टीपकागद

पारवा, मत्तयाच्या २१ व्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप म्हणतो मळ्यात कामाला जा. पहिला म्हणतो जात नाही, नंतर मन बदलून जातो. दुसरा ‘जातो महाराज’ म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कुणी पूर्ण केली, एवढंच येशू विचारतो. पहिला जाताना कुरकुरत गेला की गुणगुणत, ते मत्तयाने लिहून ठेवलेलं नाही.

उंबरठा

हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर धागा दोन प्रतिसादांत संपला असता की राव.

टीपकागद

पहिल्या दिवशी सुचलं नाही. त्यांचं ‘तो एक दिवस मला हवा होता’ वाचल्यावर सुचलं.

अनामिक_७

ब्रश?

पारवा

फळीवर जागा केलीय, तिसरा पेला ठेवलाय. चार दिवस झाले, रिकामाच आहे. मी काही बोलले नाही.

अनामिक_७

बोलू नका. पेला उचलू मात्र नका.

जुना_वाचक

आणि पहाटेच्या प्रार्थनेतला क्रम? बदलला का काही?

पारवा

नाही. अजून मीच पहिली. नवरा विचारतोय अपील कुठे करायचं.